शातो मूटाँ रॉथशिल्ड: पहिल्या श्रेणीसाठी ११८ वर्षं

२१ जून १९७३ रोजी फ्रान्सचे कृषिमंत्री जाक शिराक यांनी एका आदेशावर सही केली. आदेश एकाच द्राक्षमळ्यापुरता होता. बोर्दो शहराच्या उत्तरेला, पोयाक गावच्या हद्दीत असलेला शातो मूटाँ रॉथशिल्ड हा मळा दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत घेतला गेला. ही श्रेणीवारी १८५५ सालची. तेव्हापासून आजपर्यंत एका श्रेणीतून वरच्या श्रेणीत गेलेला हा एकमेव मळा आहे.

वाइनप्रेमी हा किस्सा बहुधा एका हट्टी मालकाचा विजय म्हणून सांगतात. बॅरन फिलिप द रॉथशिल्ड हट्टी होता यात शंका नाही. पण सगळ्या घटना क्रमाने लावून पाहिल्या की मला १९७३ पेक्षा १९२४ हे साल मोठं वाटतं. त्या वर्षी त्याने आपली वाइन व्यापाऱ्याच्या हवाली करणं थांबवलं आणि मळ्यातच बाटलीत भरायला सुरुवात केली. पुढचं बरंचसं त्या एका निर्णयातून निघालं. सरकारी शिक्का सर्वात शेवटी आला.

यादी कशी झाली

१८५५ साली तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरवलं. बोर्दोच्या वाणिज्य मंडळाला तिथे आपल्या भागातल्या वाइन मांडायच्या होत्या, आणि सोबत उत्तम मळ्यांची एक यादी हवी होती. मंडळाने ५ एप्रिलला वाइन दलालांच्या संघाला पत्र लिहिलं. १८ एप्रिलला यादी तयार होती.

तेरा दिवसांत एवढं मोठं काम झालं, कारण यादीसाठी कुणी वाइन चाखलीच नाही. दलालांकडे अनेक दशकांच्या सौद्यांच्या वह्या होत्या. कुठल्या मळ्याचा माल काय भावाने जातो हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या भावांवरून त्यांनी लाल वाइनच्या मळ्यांच्या पाच श्रेण्या पाडल्या. पहिल्या श्रेणीत चार नावं होती: लाफीट, मार्गो, लाटूर आणि ओ-ब्रियाँ. दुसऱ्या श्रेणीत सर्वात वर मूटाँ.

आकडे पाहिले की यातली गंमत नाही, तर दुखणं कळतं. तेव्हा सौदा 'तोनो' या मापाने व्हायचा. एक तोनो म्हणजे २२५ लिटरची चार पिंपं, एकूण ९०० लिटर. आजच्या पाऊण लिटरच्या बाटल्यांत धरलं तर १२०० बाटल्या. पहिल्या श्रेणीचा भाव साधारण ३००० फ्रँक तोनो होता, दुसरीचा २५०० ते २७००. म्हणजे बाटलीमागे एकीकडे अडीच फ्रँक, दुसरीकडे सव्वादोनच्या आसपास. पाव फ्रँकाच्या या फरकावर मूटाँची पायरी ठरली, आणि ती ११८ वर्षं टिकली.

दलालांना मी दोष देत नाही. त्यांनी त्या दिवसाचा बाजार प्रामाणिकपणे कागदावर उतरवला. ती यादी कायमची राहावी असा त्यांचा हेतू असल्याचं कुठे दिसत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कांतमेर्ल हा मळा पाचव्या श्रेणीच्या शेवटी जोडला गेला, यावरूनच यादी तेव्हा लवचिक होती हे कळतं. ती दगडासारखी झाली नंतर, कारण वरच्या प्रत्येकाला ती तशीच राहण्यात फायदा होता.

मूटाँ मागे का पडला

यादीच्या दोन वर्षं आधीच, ११ मे १८५३ रोजी, रॉथशिल्ड या बँकर घराण्याच्या लंडन शाखेतल्या नॅथॅनिएलने हा मळा लिलावात ११ लाख २५ हजार फ्रँकना घेतला होता. तेव्हा त्याचं नाव ब्रान-मूटाँ होतं. १८३० पर्यंत तो बॅरन हेक्तर द ब्रानकडे होता. काबर्ने सोव्हीन्यों ही द्राक्षाची जात मेदोकमध्ये, म्हणजे पोयाक ज्यात येतं त्या बोर्दोच्या उत्तरेकडच्या भागात, रुजवण्याचं बरंचसं श्रेय या ब्रानला आणि शेजारच्या आर्मायाक कुटुंबाला दिलं जातं. ब्रानने मळा थ्युरे नावाच्या पॅरिसच्या सावकाराला विकला, आणि मळ्याकडे पोटच्या पोरासारखं पाहणारा माणूस तिथून गेला. १८५० नंतर बोर्दोवर भुरी रोगाची मोठी लाट आली. गंधकाची धुरळणी सगळीकडे पोचेपर्यंत अनेक मळे खंगले.

मूटाँला इंग्रज मालकामुळे डावललं गेलं, असं रॉथशिल्डांच्या बाजूने पुष्कळदा म्हटलं गेलं आहे. मला ते पटत नाही. लाफीट तेव्हा कागदोपत्री लंडनच्याच स्कॉट या बँकर घराण्याच्या नावावर होता, आणि तो पहिल्या श्रेणीत बसला. साधं कारण जास्त खरं वाटतं: गेली वीसेक वर्षं दुर्लक्षित राहिलेल्या मळ्याचा भाव थोडा उतरलेला होता, नव्या मालकाला अजून काही करून दाखवायला वेळ मिळाला नव्हता, आणि नेमक्या त्याच क्षणी यादी झाली.

जमिनीत मात्र काही कमी नव्हतं. मूटाँ आणि लाफीट एकमेकांना लागून आहेत. दोन्हीकडे जिराँद नदीच्या काठचे तेच गोट्या-रेतीचे उंचवटे आहेत. या जमिनीत पाणी थांबत नाही. वेलाची मुळं खोल जातात. दिवसभर तापलेले गोटे संध्याकाळनंतरही ऊब देत राहतात. काबर्ने सोव्हीन्यों उशिरा पिकणारी जात असल्याने तिला ही ऊब लागतेच. दाट लाल, कडक, तरुणपणी जवळजवळ तोंड आवळून टाकणारी आणि वीस-तीस वर्षांनी उलगडणारी पोयाकची वाइन या मातीतून येते.

१८६८ साली लाफीट विकायला निघाला आणि तो नॅथॅनिएलच्या काकांनी, जेम्स द रॉथशिल्ड यांनी, सुमारे ४४ लाख फ्रँकना घेतला. जेम्स हे नॅथॅनिएलचे सासरेही होते. म्हणजे बांधाला बांध लागून असलेले दोन मळे एकाच घराण्याच्या दोन शाखांकडे गेले, एक पहिला आणि एक दुसरा. पुढच्या शंभर वर्षांच्या कुरबुरीचं मूळ इथे आहे. काका-पुतण्यांच्या जमिनीत जे होतं तेच इथेही झालं. फक्त भाषा फ्रेंच होती आणि भांडण शिष्टाचाराने चाललं.

१९२२: वीस वर्षांचा मालक

नॅथॅनिएलनंतरच्या दोन पिढ्यांनी मूटाँकडे फारसं लक्ष दिलं नाही. नातू आंरी डॉक्टर होता, नाटकं लिहायचा, पॅरिसमध्ये रमलेला होता. त्याचा धाकटा मुलगा फिलिप पहिल्या महायुद्धात पॅरिसवर तोफांचा मारा सुरू झाला तेव्हा सुरक्षिततेसाठी मूटाँला पाठवला गेला आणि तिथलाच होऊन गेला. १९२२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने मळ्याचा कारभार हातात घेतला. तिथे तेव्हा वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं.

या मुलाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्याच्या स्वभावाचा अंदाज त्यातून येतो. तो 'जॉर्ज फिलिप' या टोपणनावाने मोटारींच्या शर्यतीत भाग घ्यायचा, आणि १९२९ साली ल मां आणि मोनाको या दोन्ही ठिकाणी उतरला होता. त्याच काळात पॅरिसमध्ये पिगाल नाट्यगृह उभारण्यात त्याचा हात होता. म्हणजे वेग, नाटक आणि प्रसिद्धी या तिन्ही गोष्टी त्याला कळत होत्या. मेदोकच्या जुन्या मालकांना यातली एकही कळत नव्हती, किंवा कळून घ्यायची नव्हती.

आता त्या वेळचा धंदा कसा चालायचा ते पाहू. कापणी झाली, द्राक्षरस आंबला, वाइन पिंपांत गेली की काही महिन्यांत पिंपं बोर्दो शहरातल्या शार्त्रों बंदरपट्टीवरच्या व्यापाऱ्यांकडे रवाना व्हायची. तिथल्या लांब अंधाऱ्या गोदामांत वाइन मुरायची. बाटलीत कधी भरायची, कोणत्या बाटलीत भरायची, लेबल कसलं लावायचं, हे सगळं व्यापारी ठरवायचा. पुष्कळ माल पिंपांतच इंग्लंड, बेल्जियमला जायचा आणि तिथला व्यापारी तो भरायचा. वाटेत कुणी त्यात ऱ्होन खोऱ्यातली गडद वाइन मिसळली, तर मालकाला कळायला मार्ग नव्हता. देवगडच्या बागायतदाराने आंबा सुटा विकावा आणि पेटीवर 'देवगड हापूस' लिहून आत काय भरायचं ते वाशीच्या व्यापाऱ्याने ठरवावं, अशी ही स्थिती. नाव मळ्याचं, शब्द व्यापाऱ्याचा.

फिलिपने ठरवलं की १९२४ च्या हंगामाची सगळी वाइन मूटाँमध्येच बाटलीबंद होईल. मळ्यात बाटली भरणं हे आधी कुणी केलंच नव्हतं असं नाही. काही मालक थोडा माल तसा काढत. पण संपूर्ण पीक, झाडून सगळं, मळ्याबाहेर पिंपात जाणार नाही, हा पायंडा मोठा होता. त्याने पहिल्या श्रेणीतल्या मालकांनाही बोलणी करून या बाजूला वळवलं. दुसऱ्या श्रेणीतला विशीचा पोरगा पहिल्यांना एकत्र करतोय, हे चित्रच त्या काळात धाडसाचं होतं.

या निर्णयाचा हिशोब सोपा नव्हता. पूर्वी वाइन काही महिन्यांत विकली जाऊन पैसे हातात यायचे. आता ती दीड-दोन वर्षं मालकाच्याच दारात पिंपांत राहणार होती. त्या काळात पिंपांत घट होते, ती भरून काढावी लागते. दर काही महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढून तळाचा गाळ मागे ठेवावा लागतो. अंड्याचा पांढरा बलक घालून ती नितळ करावी लागते. या सगळ्याला माणसं लागतात, जागा लागते आणि अडकवायला भांडवल लागतं. जागेसाठी १९२६ मध्ये वास्तुरचनाकार शार्ल सिक्लिसने शंभर मीटर लांबीचं एक भव्य पिंपघर बांधलं. आत मध्ये एकही खांब नाही. दारातून पाहिलं की ओळीने मांडलेली नवी ओकची पिंपं थेट समोरच्या भिंतीपर्यंत जातात आणि त्या भिंतीवर मळ्याचं बोधचिन्ह उजळलेलं असतं. नाट्यगृहं बांधणाऱ्या माणसाने बांधलेलं गोदाम आहे हे लगेच लक्षात येतं.

बाटली आपली झाली की लेबल आपलं झालं. फिलिपने १९२४ च्या लेबलासाठी पोस्टर कलाकार जाँ कार्लूला बोलावलं. मेंढ्याचं डोकं आणि रॉथशिल्डांचे पाच बाण, घनवादी धाटणीत. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना ते पाहवलं नाही, आणि थोड्याच काळात ते बाजूला ठेवावं लागलं. पण लेबल हे चित्र असू शकतं ही कल्पना तिथे रुजली.

वाईट सालं आणि एक धोका

१९३०, ३१, ३२ ही ओळीने तीन खराब सालं. त्यात जगभर मंदी. १९३० ची वाइन मूटाँच्या नावाने विकण्याजोगी नाही हे फिलिपने मान्य केलं आणि ती 'मूटाँ कादे' या वेगळ्या नावाने, कमी भावात बाजारात आणली. कादे म्हणजे धाकटा. तो स्वतः घरातला धाकटा होता. ती इतकी खपली की नंतर तिच्यासाठी मळ्याबाहेरची वाइन घ्यावी लागली. आज मूटाँ कादे ही बोर्दो प्रांतातल्या अनेक बागायतदारांकडून घेतलेल्या मालाची वाइन आहे आणि तिचा मूळ मळ्याशी संबंध नावापुरता आहे.

या टप्प्याकडे कौतुकाने पाहिलं जातं. मला यात धोका दिसतो. ज्या माणसाने मळ्याचं नाव मळ्याच्याच मालाला चिकटवण्यासाठी एवढी यातायात केली, त्यानेच ते नाव बाहेरच्या मालावर वापरू दिलं. धंदा म्हणून ते योग्य ठरलं, कारण कादेच्या पैशाने मूटाँचे वाईट दिवस तरले. पण आजही दुकानात 'मूटाँ' हे नाव वाचून फसगत होणारे ग्राहक आहेत, आणि त्याचं उत्तर या घराण्याने कधी नीट दिलेलं नाही.

१९३३ मध्ये त्याने शेजारचा आर्मायाक मळा घेतला, आणि त्यासोबत पोयाकमधली एक लहान वाइन पेढीही. ज्याने व्यापाऱ्याला बाजूला केलं तो आता स्वतः व्यापारी झाला होता.

युद्ध, आणि १९४५ चं लेबल

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने ज्यू असल्यामुळे फिलिपचं नागरिकत्व काढून घेतलं, मळा जप्त केला आणि त्याला काही काळ कैदेतही ठेवलं. सुटून तो स्वतंत्र फ्रेंच फौजांना जाऊन मिळाला. त्याची पत्नी एलिझाबेथ जन्माने कॅथलिक होती. तिला अटक झाली आणि १९४५ मध्ये राव्हेन्सब्रुक छळछावणीत तिचा अंत झाला. मुलगी फिलिपीन तेव्हा बारा वर्षांचीही नव्हती.

हे लक्षात ठेवून १९४५ ची बाटली हातात घ्यायला हवी. वरच्या पट्टीत फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराने काढलेलं मोठं 'व्ही' अक्षर आहे. भोवती वेलीची वळणं आणि 'विजयाचं वर्ष' अशी अक्षरं. खाली त्या हंगामाचा पूर्ण हिशोब छापलेला: बाटल्या आणि अर्ध्या बाटल्या मिळून ७४,४२२, दीड लिटरच्या १,४७५, मोठ्या जेरोबोम २४. प्रत्येक बाटलीवर तिचा क्रमांक आणि तळाशी मालकाची सही. मला या लेबलातला हा हिशोब चित्रापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. किती माल निघाला आणि त्यातली ही कितवी बाटली, हे ग्राहकाला छापून सांगणं म्हणजे मध्ये कुणी काही घातलेलं नाही याची हमी. पिंपात माल विकणारा मालक अशी हमी देऊच शकला नसता. त्या २४ मोठ्या बाटल्यांपैकी एक फेब्रुवारी २००७ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ३ लाख १० हजार ७०० डॉलरना गेली.

त्यानंतर जवळजवळ दर वर्षी नवा चित्रकार. कॉक्तो १९४७ ला, ब्राक १९५५ ला, दाली १९५८ ला, हेन्री मूर १९६४ ला, मिरो १९६९ ला, शागाल १९७० ला. मोबदला पैशात नसतो. चित्रकाराला मूटाँच्या वाइनच्या पेट्या मिळतात. १९९३ सालच्या बाल्थुसच्या रेखाचित्रावर अमेरिकेत आक्षेप आला तेव्हा तिथल्या बाटल्यांवर चित्राची जागा कोरी ठेवून माल पाठवला गेला. २००९ च्या लेबलावर अनीश कपूरचं चित्र आहे. मुंबईत जन्मलेल्या या शिल्पकाराचं नाव या ओळीत आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

१९५४ मध्ये फिलिपने पोलीन पॉटर या अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. दोघांनी मिळून मळ्यातच वाइन आणि कला यांचं संग्रहालय उभं केलं. १९६२ मध्ये त्याचं उद्घाटन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या हस्ते झालं. सरकारदरबारी मूटाँची ओळख अशी वाढत गेली.

मागणी

या सगळ्या काळात मूटाँचं बोधवाक्य होतं: पहिला होणं हाती नाही, दुसरा म्हणवून घेणं मंजूर नाही, मी मूटाँ आहे. ब्रिटनी प्रांतातल्या रोहान सरदार घराण्याच्या जुन्या ब्रीदावरून ते घेतलेलं होतं. त्यात गर्व आहे, आणि तो विनाकारण नव्हता. युद्धानंतर मूटाँचा भाव पहिल्या श्रेणीच्या बरोबरीने चालला होता, काही वर्षी त्याहून वर. यादी भावावरून केली होती आणि तोच निकष लावला तर मूटाँ कधीच वर गेलेला होता. अडचण एवढीच की यादी पुन्हा तपासायची सोयच कुठे नव्हती.

१९६० च्या आसपास फ्रान्सच्या वाइन उगम संस्थेने संपूर्ण १८५५ ची यादी नव्याने करायचा घाट घातला. काही मळे वगळायचे, काही नवे घ्यायचे असा आराखडा बाहेर आला आणि मेदोकमध्ये गदारोळ झाला. ज्याचं नाव जाणार तो कोर्टात जाणार हे उघड होतं. प्रस्ताव बासनात गेला. फिलिपसाठी यात धडा होता: सगळी यादी उघडली तर कुणाचंच काम होणार नाही.

दुसरा अडसर घरचा होता. युद्धानंतर लाफीटचा कारभार एली द रॉथशिल्ड पाहत होता. तो आणि फिलिप यांच्यात चढाओढ होती. हंगामाचा भाव जाहीर करताना दोघेही एकमेकांची वाट पाहत, कारण ज्याने नंतर जाहीर केला त्याला वरचढ आकडा लावता येई. पहिल्या श्रेणीत पाचवा वाटेकरी येण्यात लाफीटला काहीच मिळणार नव्हतं.

शेवटी वाट सापडली ती फक्त पहिल्या श्रेणीपुरता फेरविचार करण्याची. बाकी चार श्रेण्यांना हात लावायचा नाही, कुणाला खाली आणायचं नाही. चौघांचं स्थान अबाधित राहणार असल्याने आणि मूटाँचा भाव सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्याने विरोध मावळला. १९७३ च्या आदेशात पहिल्या श्रेणीची नावं आद्याक्षरांच्या क्रमाने आली, म्हणजे लाफीट, लाटूर, मार्गो, मूटाँ, आणि मेदोकबाहेरचा असल्याने ओ-ब्रियाँ शेवटी. पाचांत वरखाली कुणी नाही, हे सांगायची ती सभ्य युक्ती होती.

बोधवाक्य बदललं: पहिला आहे, दुसरा होतो, मूटाँ बदलत नाही.

१९७३ च्या लेबलावर पिकासो आला. तो त्याच वर्षी ८ एप्रिलला वारला होता. संग्रहालयातलं १९५९ सालचं त्याचं 'बाकानाल' हे चित्र श्रद्धांजली म्हणून वापरलं गेलं. वाइन मात्र त्या वर्षी साधारणच होती. पीक भरपूर, पाऊस नको तेव्हा, आणि चव पातळ. पहिल्या श्रेणीची पहिली बाटली मळ्याच्या इतिहासातल्या कमकुवत बाटल्यांपैकी निघाली. श्रेणी आणि त्या वर्षीचं हवामान यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे यादीवर डोळे झाकून खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं.

त्याच उन्हाळ्यात

आदेश निघाला त्या उन्हाळ्यात बोर्दोच्या व्यापारावर मोठं संकट आलं. दक्षिण फ्रान्समधली स्वस्त वाइन कागदपत्रं फिरवून बोर्दोच्या नावाने विकल्याचं प्रकरण उघडकीस आलं, आणि त्यात शार्त्रोंवरच्या नामांकित व्यापारी पेढीचं नाव आलं. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. त्यात तेलसंकट आलं आणि १९७२ च्या सुमार मालाचे अवाच्या सवा लावलेले भाव कोसळले.

व्यापाऱ्याच्या गोदामात काय होऊ शकतं याची जी भीती धरून फिलिपने १९२४ मध्ये बाटली स्वतःकडे घेतली, ती पन्नास वर्षांनी खरी ठरली. श्रेणीतल्या सर्व मळ्यांना आपल्याच आवारात बाटलीबंद करण्याची सक्ती तेव्हा नुकतीच झाली होती. भाव मूटाँचेही पडले, पण नावाला धक्का लागला नाही. या प्रकरणात कुणाचं मोठेपण शोधायचं असेल तर मी ते इथे शोधेन.

तीन वर्षांनी, २४ मे १९७६ रोजी, पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन लेबलं झाकून ठेवल्या. लाल वाइनमध्ये नापा खोऱ्यातली स्टॅग्ज लीप १९७३ पहिली आली आणि मूटाँ १९७० दुसरी. त्यांच्यामागे बोर्दोच्याच मोंत्रोझ आणि ओ-ब्रियाँ. श्रेणी नुकतीच मिळवलेल्या मळ्याला हा फटका बसला, तरी चाखून लावलेल्या क्रमात तो आपल्या देशवासीयांत पहिला होता. १८५५ च्या यादीसाठी कुणी वाइन चाखली नव्हती हे आठवलं की या दुसऱ्या नंबराचं वजन वेगळं भासतं. फिलिपने कॅलिफोर्नियाशी भांडण न मांडता तिथल्याच रॉबर्ट मोंदावी या वाइन उत्पादकाबरोबर भागीदारी केली. त्यांच्या 'ओपस वन' या वाइनचा पहिला हंगाम १९७९ चा.

ज्यांच्यासाठी दार उघडलं नाही

फिलिप १९८८ मध्ये गेला. फिलिपीनने २०१४ पर्यंत मळा सांभाळला, आता तिची तीन मुलं पाहतात.

मूटाँला न्याय मिळाला असं मी ठामपणे म्हणतो. पण तो ज्या पद्धतीने मिळाला त्यात इतरांवर अन्याय झाला. मार्गो गावचा शातो पाल्मेर कागदावर तिसऱ्या श्रेणीत आहे आणि त्याची वाइन कित्येक वर्षं दुसऱ्या श्रेणीतल्या बहुतेकांपेक्षा महाग जाते. पोयाकचाच लिंच-बाज पाचव्यात आहे. बाजार त्याला पाचवा मानत नाही. सां-ज्युलियाँचा लेओव्हील लास काज दुसऱ्यात राहून पहिल्यांशी तुलना मागतो. यांच्यापैकी कुणाकडेही मूटाँइतकी ओळख, घराण्याचं नाव आणि मंत्र्यांपर्यंत पोच नव्हती. निकष भावाचा असेल तर तो सगळ्यांना लागायला हवा होता. पहिल्या श्रेणीपुरता फेरविचार ही युक्ती यशस्वी झाली, कारण तिने बाकी सगळ्यांना बाहेर ठेवलं.

उलट बाजूही आहे. नदीपलीकडच्या सां-एमिलियोंमध्ये १९५५ पासून स्वतंत्र श्रेणीवारी आहे आणि ती ठराविक काळाने नव्याने होते. तिथे काय घडलं? २००६ ची फेरतपासणी कोर्टात जाऊन रद्द झाली. नंतर निकषांवरून वाद वाढत गेला, आणि २०२२ ची यादी लागण्याआधीच शेव्हाल ब्लाँ, ओझोन आणि आंजेल्युस या सर्वोच्च मळ्यांनी अर्जच मागे घेतले. फेरविचाराची सोय असली म्हणून भांडण मिटत नाही.

तरीही निवड करायची झाली तर मी सां-एमिलियोंच्या बाजूला उभा राहीन. तिथल्या बागायतदाराला निदान दहा वर्षांनी अर्ज करता येतो, आणि हरला तर का हरलो ते कागदावर मागता येतं. मेदोकमध्ये पाल्मेरच्या मालकाला आज अर्ज करायचा असेल तर तो कुणाकडे करायचा, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नाही.